काळ्या पडद्यावरची टपालपेटी

आपले ई-मेल नेमके कोठे असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ब्राउझर उघडला की पत्रे समोर दिसतात, मोबाइल उघडला की तीच पत्रे तेथेही दिसतात. साहजिकच ती आपल्याजवळच आहेत अशी आपली समजूत होते. वस्तुतः ती परक्या कंपनीच्या परक्या संगणकावर असतात आणि आपल्याला दिसते ते केवळ त्यांचे प्रतिबिंब. या समजुतीला क्वचितच, पण जोराचा धक्का बसतो. २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या काही खातेदारांना आपली टपालपेटी अचानक रिकामी दिसू लागली. गुगलच्या म्हणण्यानुसार अशा खातेदारांचे प्रमाण अवघे ०.०२ टक्के होते. साठवणुकीच्या आज्ञावलीत केलेल्या एका बदलात दोष राहिला होता आणि त्या दोषाने पत्रांच्या अनेक प्रती एकाच वेळी बाधित केल्या. अखेर जुन्या पद्धतीच्या चुंबकीय फितींवर ठेवलेल्या प्रतींवरून ती पत्रे परत आणावी लागली. ती परत आली ही गोष्ट चांगलीच झाली. पण खातेदाराच्या हाती तोवर वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते.

दोष नसतानाही पत्रे जाऊ शकतात. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे घेतला असून १ डिसेंबर २०२३ पासून हे धोरण अमलात आले आहे. दिवंगत वडिलांच्या खात्यात त्यांचा पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार पडून असेल आणि घरातील कोणी ते खाते उघडले नसेल, तर त्या पत्रव्यवहाराचे भवितव्य काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा.

या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे. पडद्यावर चित्रे नाहीत, माउसला काम नाही, काळ्या पार्श्वभूमीवर फक्त अक्षरे, अशा ज्या आज्ञावलींनी ई-मेलचा संसार सुरू झाला त्यांच्याच वंशातील साधने आजही दूरच्या सर्व्हरवरील टपालपेटी घरी आणून देतात. त्यांना ‘कमांड लाइन’ची साधने म्हणतात. संगणकतज्ज्ञांची मिरासदारी म्हणून सामान्य वापरकर्ता त्यांच्यापासून दूर राहतो. पण त्यांचे काम कसे चालते हे समजून घेतले, की आपल्या टपालाविषयी जे ब्राउझर कधीच सांगत नाही ते स्पष्ट दिसू लागते.

आरंभी टपालाचे दोन मार्ग पाहू. पहिला मार्ग ‘पॉप’ या नियमावलीचा. १९८४ साली तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तिची मूळ कल्पना टपाल कचेरीतील पोस्ट बॉक्ससारखी आहे. आपण जायचे, पेटीतील पत्रे काढून घ्यायची, घरी आणायची. पेटी पुन्हा रिकामी. पत्रे सर्व्हरवर तशीच राहू देण्याची सोय पुढे मिळाली, तरी स्वभाव तोच राहिला. घरी संगणक एकच होता तोवर हे ठीक होते.

दुसरा मार्ग ‘आयमॅप’चा. तो शोधून काढला मार्क क्रिस्पिन यांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर टपाल येत असे आणि वाचणारा माणूस बसलेला असे वेगळ्याच यंत्रापुढे. टपाल न हलविता ते दुसऱ्या यंत्रावरून वाचता यावे, ही त्यांची निकड होती. याची तुलना तलाठ्याच्या दप्तराशी करता येईल. मूळ नोंदवही तलाठ्याकडेच राहते, आपल्याला मिळतो तो सातबाराचा उतारा. उताऱ्यावर आपण पेन्सिलीने काहीही लिहिले तरी जमिनीचा मालक बदलत नाही. फेरफार मूळ वहीत पडला तरच तो खरा. आयमॅपमध्ये मूळ टपालपेटी सर्व्हरवर राहते. आपला संगणक, मोबाइल, कचेरीतील यंत्र ही सर्व फक्त उतारे मागतात, आणि पत्र वाचले, उत्तर दिले, खूण केली, टाकून दिले, या नोंदी मूळ वहीत होतात. मोबाइलवर वाचलेले पत्र संगणकावरही ‘वाचलेले’ दिसते त्याचे रहस्य हेच. या नियमावलीचा २००३ मधील सुधारित मसुदा आजही बहुतांश सर्व्हर पाळतात. त्याची पुढील आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

मुंबई-पुण्याच्या ज्या वाचकांनी १९९५ नंतरचा काळ पाहिला आहे त्यांना येथे काही आठवेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा चित्रांसह इंटरनेट दाखविणारे खाते महाग होते आणि केवळ अक्षरे दाखविणारे ‘शेल’ खाते त्या मानाने स्वस्त. मोडेमची ती कर्कश शीळ संपली की काळा पडदा येई आणि त्यावर ‘पाइन’ नावाची आज्ञावली टपाल दाखवी. ही पाइन वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झाली होती. १९८९ मध्ये तिचे काम सुरू झाले ते संगणकाची सवय नसलेल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांसाठी! कोणती कळ दाबली असता काय होईल हे पडद्याच्या तळाशी सतत लिहिलेले असे, त्याचे कारण हेच. मात्र शेल खात्यात पाइन स्वतः निगमाच्या संगणकावरच चालत असे. आपल्या घरचे यंत्र केवळ पडदा आणि कळफलक होते. आयमॅपमुळे आज्ञावली आपल्या घरी आणि टपालपेटी दूर, अशी फारकत शक्य झाली. पाइननेही पुढे तेच केले. तिची वारसदार ‘अल्पाइन’ २००७ पासून उपलब्ध आहे आणि आजही चालते.

आयमॅपची गंमत अशी, की सर्व्हरशी माणसालाही थेट बोलता येते. ‘ओपनएसएसएल’ या साधनाने सर्व्हरच्या ९९३ क्रमांकाच्या दारावर कूटबद्ध जोडणी केली, की तो नमस्कार करतो आणि आज्ञेची वाट पाहतो. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी आपण एक खूणक्रमांक घालायचा. उत्तर पूर्ण झाले की सर्व्हर तोच क्रमांक परत उच्चारतो, म्हणजे कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे याचा घोळ होत नाही. ‘लॉगिन’ म्हणून आपली ओळख द्यायची, ‘सिलेक्ट’ म्हणून फोल्डर उघडायचा. लगेच तेथे किती पत्रे आहेत ते कळते. ‘फेच’ म्हटले की पत्र मिळते. यात एक बारीक खोच आहे. साध्या फेचने पत्राचा मजकूर मागितला, तर मूळ वहीत ते ‘वाचले’ अशी नोंद होते. नोंद न करता नुसते डोकावून पाहायचे असेल, तर त्यासाठी ‘पीक’ हा वेगळा शब्द आहे. पत्राचा केवळ मथळा मागता येतो, दहा मेगाबाइटचे छायाचित्र सोडून फक्त मजकूरही मागता येतो. गावाकडील कमकुवत जोडणीवर टपाल पाहणाऱ्याला याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

रोजच्या कामात असे हाताने कोणी बोलत नाही; ते काम ‘मट’सारखी आज्ञावली करते. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये ती लिहिली. सर्वच टपाल-आज्ञावली वाईट असतात, ही त्यातल्या त्यात कमी वाईट, अशा आशयाचे तिचे ब्रीद आहे आणि ते अतिशयोक्त नाही. पत्रांची यादी एका ओळीला एक अशी दिसते, बाणांनी वरखाली करायचे, एका कळीने उत्तर, दुसऱ्या कळीने रवानगी. हजार पत्रांतून एखाद्या पत्त्यावरून आलेली सर्व पत्रे निवडून एका दमात दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविणे हे तिच्यात चार-सहा कळांचे काम आहे. शिवाय पत्रात दडविलेली चित्रे ती परस्पर मागवीत नाही. जाहिरातदार अशी अदृश्य, ठिपक्याएवढी चित्रे पत्रात पेरतात. चित्र मागविले गेले की पत्र उघडल्याची वर्दी त्यांना पोहोचते. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या पडद्यावर ही हेरगिरी चालत नाही. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे प्रोग्रामर आपले बदल साध्या अक्षरांच्या ई-मेलनेच एकमेकांना धाडतात, आणि त्या प्रकल्पाच्या दस्तऐवजांत टपाल-आज्ञावलींविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मट आणि अल्पाइन दोन्ही आहेत.

मट थेट आयमॅपवर चालविली की टपालपेटी दूरच राहते. फोल्डरमध्ये पन्नास हजार पत्रे असतील तर यादी येण्यास वेळ लागतो, म्हणून मथळ्यांची तात्पुरती नोंद घरच्या डिस्कवर ठेवण्याची सोय तिच्या मांडणीच्या फाइलीत अवश्य सुरू करावी. पण जोडणी तुटली की काम थांबते. आणि मुख्य म्हणजे, आपल्या हाती प्रत अजूनही नाही.

प्रत आणण्याचे काम दुसऱ्या साधनाचे. या परंपरेत एका आज्ञावलीने एकच काम करावे असा दंडक आहे. लग्नघरात स्वयंपाक आचारी करतो, पंगत वाढपी वाढतात आणि कोणी कोणाच्या कामात हात घालीत नाही, तसाच हा प्रकार. आणण्यासाठी ‘एमबीसिंक’ किंवा २००२ मध्ये जॉन गोअरझेन यांनी लिहिलेले ‘ऑफलाइनआयमॅप’, वाचण्यासाठी मट, धाडण्यासाठी ‘एमएसएमटीपी’, शोधण्यासाठी ‘नॉटमच’. नवख्याला ही सर्व जुळवाजुळव जाचक वाटते, यात संशय नाही. एक दुपार त्यासाठी बाजूला काढावी लागते. मात्र यातील एक साधन बदलले तरी बाकीची घडी मोडत नाही आणि पत्रे कोणा एकाच आज्ञावलीच्या तिजोरीत अडकून पडत नाहीत.

पत्रे घरी ज्या रूपात साठविली जातात त्याला ‘मेलडिर’ म्हणतात. डॅनिअल बर्नस्टाइन यांनी ही रचना तयार केली. एक पत्र म्हणजे एक फाइल, इतके ते सोपे आहे. फोल्डरच्या पोटात तीन कप्पे असतात: येत असलेल्या पत्रांचा, नव्या पत्रांचा आणि पाहून झालेल्यांचा. पत्र वाचले, त्याला उत्तर दिले, याच्या खुणा फाइलीच्या नावाच्या शेवटी एकेका अक्षराने लिहिल्या जातात. पूर्वी सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकापाठोपाठ एक ठेवीत. ती फाइल मध्येच बिघडली की पुढचे सारेच संशयास्पद होई. मेलडिरमध्ये एक फाइल बिघडली तर एक पत्र जाते. आणि उद्या या सर्व आज्ञावली नामशेष झाल्या, तरी साध्या मजकुराच्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडता येतील.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एमबीसिंकसारखी साधने ‘मेळ’ घालतात. त्याला सुरक्षित प्रत समजणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजू सारख्या करणे हे त्यांचे काम. मोबाइलवर चुकून फोल्डर पुसला गेला, तर पुढच्या मेळात घरची प्रतही आज्ञाधारकपणे पुसली जाऊ शकते. सुदैवाने आयमॅपमध्ये पत्र पुसणे दोन टप्प्यांत होते. प्रथम त्यावर ‘काढून टाकावयाचे’ अशी खूण पडते, आणि ‘एक्स्पंज’ ही आज्ञा दिली तरच ते खरोखर नाहीसे होते. एमबीसिंक आपण सांगितल्याखेरीज हा दुसरा टप्पा करीत नाही; तो तसाच राहू द्यावा. ज्याला केवळ संग्रह हवा त्याने मांडणीच्या फाइलीत मेळ एकेरी करावा, म्हणजे सर्व्हरवरील नवी पत्रे तेवढी घरी येतील, उलट दिशेने काही जाणार नाही आणि पुसण्याच्या खुणाही येणार नाहीत. त्या मेलडिरची आणखी एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवणे हे मात्र निराळे काम आहे आणि ते कोणतीही आज्ञावली आपल्या वतीने लक्षात ठेवीत नाही.

सातबाराचा दृष्टान्त येथे पुन्हा उपयोगी पडतो. प्रत्येक पत्राला सर्व्हर गट क्रमांकासारखा एक कायम क्रमांक देतो आणि त्यावरूनच मेळ घालणारी आज्ञावली कोणते पत्र आधी आणले ते ओळखते. पण गावात एकत्रीकरण योजना आली की जुने सर्व्हे क्रमांक जाऊन नवे गट क्रमांक पडत, आणि जुना उतारा नव्या वहीशी जुळत नसे. सर्व्हर बदलला, टपालपेटी नव्याने बांधली, की येथेही क्रमांक नव्याने पडतात. तसे झाल्याची सूचना देण्यासाठी प्रत्येक फोल्डरला एक वेगळा वैधता-क्रमांक असतो. तो बदललेला दिसला की जुन्या क्रमांकांवर विसंबता येत नाही. अशा वेळी आज्ञावलीने दिलेला इशारा वाचून मगच पुढे जावे. बळजबरीने पुढे रेटले तर हजारो पत्रे दुबार उतरतात.

जीमेलची तऱ्हा तर निराळीच. तेथे फोल्डर नाहीत, चिठ्ठ्या आहेत. एका पत्राला तीन चिठ्ठ्या लावल्या असतील तर आयमॅपमधून ते तीन फोल्डरांत दिसते. सर्व फोल्डर आणावयास सांगितले की एकच पत्र तीनदा, आणि ‘सर्व टपाल’ या फोल्डरमधून चौथ्यांदा उतरते. संग्रहासाठी केवळ ‘सर्व टपाल’ आणणे शहाणपणाचे. पुसण्याचेही तसेच. फोल्डरमधून पत्र पुसले तरी मूळच्या मांडणीत केवळ चिठ्ठी निघते आणि पत्र ‘सर्व टपाल’मध्ये शिल्लक राहते, खरोखर टाकायचे तर ते कचऱ्याच्या फोल्डरमध्ये हलवावे लागते. आयमॅपवरून एका दिवसात किती उतरवून घेता येईल यालाही मर्यादा असते. कार्यालयीन खात्यांसाठी गुगलने जाहीर केलेली मर्यादा दिवसाला २,५०० मेगाबाइट आहे. त्या हिशेबाने १५ गिगाबाइट टपाल घरी यायला सहा दिवस लागतील. मध्येच जोडणी नाकारली गेली तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी काम तेथूनच पुढे सुरू होते.

दाराशी आता पहारा कडक झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मांडणीच्या फाइलीत लिहिला की झाले. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीच्या पासवर्डने होणारा असा प्रवेश बंद केला, तर मायक्रोसॉफ्टने कचेऱ्यांच्या खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून तो टप्प्याटप्प्याने बंद केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वैयक्तिक खात्यांनाही तोच नियम लावला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय आहे. फाइलीत उघडा ठेवलेला पासवर्ड म्हणजे उंबरठ्याखाली ठेवलेली किल्लीच. गुगलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली, की केवळ एका आज्ञावलीसाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मिळतो. संशय आला की तेवढाच रद्द करता येतो. मायक्रोसॉफ्टकडे मात्र ‘ओऑथ’ नावाची परवान्याची पद्धत अनिवार्य आहे, ज्यात पासवर्डऐवजी मुदतीचे परवाने सतत बदलून घ्यावे लागतात. मटसोबत त्यासाठी एक तयार आज्ञावली मिळते. तथापि, नियमावली सर्वांना खुली असूनही दाराची किल्ली कोणत्या आज्ञावलीला द्यायची हे कंपनीने ठरवावे, ही गोष्ट मनाला खटकते. पासवर्ड कोणताही असो, तो फाइलीत उघडा न लिहिता कूटबद्ध फाइलीत ठेवावा आणि तो वाचण्याची आज्ञा तेवढी एमबीसिंकला द्यावी.

मराठी टपालाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ई-मेलची जुनी नियमावली केवळ रोमन अक्षरांसाठी होती. अन्य लिप्या रोमन वेषात पाठविण्याची सोय १९९२ मध्ये झाली. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या दृष्टीने पाच चिन्हे आहेत, प्रत्येकाला तीन बाइट, आणि वेषांतराच्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक बाइटला तीन रोमन अक्षरे. म्हणजे एवढासा शब्द ४५ अक्षरांचा होतो! फोल्डरला ‘मराठी’ असे नाव दिले, तर जुन्या आयमॅपमध्ये ते तिसऱ्याच पद्धतीने सोळा रोमन अक्षरांत साठविले जाते. मट हे सारे उलगडून दाखविते, पण मेलडिरमधील कच्च्या फाइलींत मराठी शब्द शोधू गेले तर बहुधा काहीच सापडत नाही. पत्र नाहीसे झाले असे समजू नये. नॉटमच आधी वेषांतर उलगडते, मग सूची करते, म्हणून त्यात मराठीने शोधावे. काळ्या पडद्यावर जोडाक्षरे तुटलेली किंवा वेलांट्या सरकलेल्या दिसल्या, तर तो दोष पडद्याचा, म्हणजे टर्मिनलचा असतो. फाइलीतील मजकूर शाबूत असतो. टर्मिनल बदलून पाहावे, अन्यथा मराठी पत्र एखाद्या संपादकात उघडावे.

सर्व उतरवून झाले की एक चाचणी आवर्जून करावी. इंटरनेटची जोडणी बंद करून मट घरच्या मेलडिरवर उघडावी, दहा-बारा वर्षांपूर्वीचे एखादे मराठी पत्र शोधून काढावे, त्यासोबतचे छायाचित्र किंवा पावती उघडते का ते पाहावे, आणि ‘सर्व टपाल’मधील पत्रांची संख्या सर्व्हरवरील संख्येशी ताडून पाहावी. ती जुळली की ठराविक वेळी आपोआप काम करणाऱ्या ‘क्रॉन’कडे एमबीसिंक सोपवून द्यावे, रात्री एकदा चालले तरी पुरते.